चिकलठाणा विमानतळावर उतरून अजिंठा-वेरूळ करायचंय? आधी वार बघा, गाडीचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की हैदराबादहून आई-वडिलांना घेऊन शनिवारी दुपारी छत्रपती संभाजीनगरला विमानाने उतरणार, सोमवारी संध्याकाळच्या विमानाने परत. वडील 74 वर्षांचे, आई 69, आईंचे गुडघे दुखतात. रविवारी वेरूळ आणि घृष्णेश्वर, सोमवारी अजिंठा करून थेट विमानतळ, आणि जमलं तर मध्ये शिर्डी. तुम्हाला विचारायचं होतं की विमानतळावर टॅक्सी मिळते का आणि हॉटेल विमानतळाजवळ घ्यावं की शहरात.

मी 2005 पासून इथे टुरिस्ट गाडी चालवतो, आता स्वतःच्या दोन गाड्या आहेत, पण वयस्कर मंडळी असली की अजून मीच जातो. म्हणजे या विमानतळाच्या दारात पाटी घेऊन उभं राहण्यात माझी वीस वर्षं गेलीत, त्या अनुभवावरून सांगतो. टॅक्सी मिळेल, हॉटेलही मिळेल, त्याची काळजी करू नका. तुमचा खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे आणि तो तुमच्या प्लॅनमध्ये दिसतोय: अजिंठा सोमवारी बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं. दोन्ही लेण्यांची सुट्टी वेगवेगळ्या वारी आहे, आणि बाहेरगावच्या माणसाला हे कोणी सांगितलेलं नसतं, किंवा एकाचा वार माहीत असतो आणि दोन्हीकडे तोच असेल असं वाटतं.

हे मी एवढं जोर देऊन का सांगतोय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक कुटुंब आलं होतं नागपूरचं, आजी-आजोबा, मुलगा-सून, एक लहान मुलगी. मुलाने सोमवारी अजिंठा म्हटलं, मी नवीन होतो, गिऱ्हाईक म्हणेल तिथे न्यायचं एवढंच डोक्यात, वार काही तपासला नाही. शंभर किलोमीटर गेल्यावर फर्दापूरच्या टी पॉइंटला, जिथून लेण्यांकडे बस सुटते, एकही बस उभी नाही, दुकानांची शटरं खाली. आजोबा गाडीतून उतरले, त्या रिकाम्या पार्किंगकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाळ, मी शाळेत असताना चित्रकलेच्या सरांनी अजिंठ्याच्या पद्मपाणीचं चित्र फळ्यावर काढलं होतं." बस, एवढंच म्हणाले, रागावले नाहीत. त्यांची परतीची गाडी त्याच रात्रीची होती. तेव्हापासून माझ्याकडे कोणाचाही फोन आला की मी पहिलं विचारतो, वार कोणता.

तर तुमचा प्लॅन फक्त उलटा करायचाय: रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ. एवढं केलं की बाकी सगळं आपोआप बसतं, आणि परतीच्या दिवशी जवळचं ठिकाण येतं हा वरचा फायदा. अजिंठा इथून शंभर किलोमीटर, वेरूळ शहरापासून तीस. विमान पकडायच्या दिवशी शंभर किलोमीटर लांब जाऊन बसणं वार बरोबर असला तरी मी कोणाला सुचवत नाही. त्या रस्त्यावर घाट आहे, सिल्लोडचा बाजार आहे, एखादा ट्रक आडवा झाला की दोन तास गेलेच.

आता विमानतळाचं. तिकीट काढताना काही अ‍ॅपवर शहराचं नवं नाव दिसतं, काहींवर अजून औरंगाबाद. कोड आयएक्सयू, तो दिसला म्हणजे आपलाच विमानतळ. विमानाच्या तिकिटात गफलत होत नाही कारण दुसरीकडे या नावाचा विमानतळ नाही, पण हॉटेलचं बुकिंग करताना नीट बघा, बिहारमध्येही औरंगाबाद आहे, जिल्ह्याचं ठिकाण आहे, आणि स्वस्त हॉटेल शोधता शोधता तिथलं बुक करून आलेली माणसं मी स्वतः विमानतळावरून उचलली आहेत. पत्त्यात महाराष्ट्र लिहिलंय की नाही एवढं बघा.

विमानतळ शहराच्या पूर्वेला, जालना रोडवर चिकलठाण्याला आहे. आत्ताची टर्मिनलची इमारत नंतर झाली, त्याआधी छोटा हॉल होता. आजही मोठ्या शहरांच्या मानाने हा छोटा, शांत विमानतळ आहे, दिवसाला मोजकी विमानं, मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशा शहरांची, आणि वेळापत्रक सिझनप्रमाणे बदलतं. विमानातून उतरून सामान घेऊन बाहेर यायला बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, आयत्या वेळी मागितली तर मिळते पण थांबावं लागतं, आणि छोट्या विमानतळावर व्हीलचेअरही मोजक्याच. आत खाण्यापिण्याची सोय मर्यादित आहे, आई-वडिलांच्या गोळ्या जेवणानंतरच्या असतील तर काहीतरी डब्यात असू द्या.

टॅक्सीचं असं आहे की विमान उतरतं तेव्हा बाहेर टॅक्सीवाले असतात, पण ही काही मुंबई-हैदराबाद नाही की रांगेत शंभर गाड्या उभ्या. अ‍ॅपवरच्या कॅब शहरात चालतात, विमानतळावर कधी लगेच मिळते, कधी तीन ड्रायव्हर ट्रिप कॅन्सल करतात. टर्मिनल जालना रोडपासून थोडं आत आहे, बाहेर रोडवर गेलं की रिक्षा आणि शहराची स्मार्ट सिटी बस मिळते, एकटा माणूस पाठीवर सॅक टाकून आला तर मी त्याला तेच सांगतो, पण तुम्ही दोन वयस्कर माणसं आणि बॅगा घेऊन त्या भानगडीत पडू नका. तिन्ही दिवसांसाठी एकच गाडी, एकच ड्रायव्हर आधीच ठरवून ठेवा. दुसऱ्या दिवसापर्यंत ड्रायव्हरला कळलेलं असतं की आईंना पुढच्या सीटवर बरं वाटतं, वडिलांना दर दीड तासाने थांबावं लागतं. रोज नवी गाडी घेतली की रोज पहिल्यापासून सांगत बसायचं.

गाडी ठरवताना भाव कसा लागतो ते समजून घ्या, म्हणजे शेवटी वाद होत नाही. शहरातल्या फिरण्याला 8 तास 80 किलोमीटर असं पॅकेज असतं, त्याच्या वर तास आणि किलोमीटर वेगळे. अजिंठ्यासारखं बाहेरगाव असेल तर किलोमीटरवर, आणि त्यात दिवसाला किमान किलोमीटर धरतात, बहुतेक जण 300 धरतात, काही 250. अजिंठा जाऊन-येऊन दोनशेच्या थोडं वर होतं, म्हणजे तुम्ही न फिरलेल्या किलोमीटरचेही पैसे देणार. म्हणून अजिंठ्याला एकरकमी भाव विचारा, त्यात टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरलाय की नाही ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. वेरूळचं म्हणाल तर विमानतळ ते वेरूळ ते विमानतळ ऐंशीच्या आसपासच जातं, त्यात दौलताबाद, खुलताबाद धरलं की पुढे जातं, पण फार नाही.

अजून एक सांगायचंय. रस्त्यात पैठणी, हिमरू (इथलं रेशीम-सुताचं विणलेलं कापड), दगडी मूर्ती अशी मोठी शोरूम लागतात. गाडी तिथे थांबली की ड्रायव्हरला दुकानाकडून पैसे मिळतात, ही आमच्या धंद्यातली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. तुम्हाला खरेदी करायची असेल तर जरूर करा, हिमरू विणणारे हात आता फार थोडे उरलेत आणि खरा हिमरू घेतला तर मला आनंदच आहे. पण नको असेल तर निघतानाच स्पष्ट सांगा की दुकानात थांबायचं नाही. संकोच करू नका. ते न सांगितल्यामुळे लोकांचा दीड-दीड तास जातो आणि मग वेरूळ बंद व्हायची वेळ होते.

हॉटेल कुठे घ्यावं याचं उत्तर तुम्ही कशासाठी आलाय त्यावर आहे. कंपनीच्या कामासाठी येणाऱ्यांना मी आधी विचारतो, कुठली एमआयडीसी? कारण इथे मुख्य तीन आहेत. चिकलठाणा एमआयडीसी विमानतळाच्या जवळच, शेंद्रा पूर्वेला जालन्याच्या दिशेने, ऑरिक सिटी तिथेच, आणि वाळूज पार पश्चिमेला शहराच्या दुसऱ्या टोकाला. मागे एक साहेब विमानतळाजवळचं म्हणून "एमआयडीसी परिसरात" हॉटेल घेऊन आले, ते निघालं वाळूजला, आणि मीटिंग होती शेंद्र्याला. दोन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ अख्खं शहर पार केलं बिचाऱ्यांनी. तुमचं तसं नाही, तुम्ही लेण्यांसाठी येताय, तर मी तुम्हाला सिडको ते सेव्हन हिल्स या पट्ट्यात घ्यायला सांगेन. विमानतळापासून पंधरा-वीस मिनिटं, जेवणाची चांगली ठिकाणं जवळ, दवाखाने जवळ, आणि अजिंठ्याला सकाळी निघताना शहराच्या गर्दीत घुसावं लागत नाही. रेल्वे स्टेशनकडेही बरीच चांगली हॉटेलं आहेत, वेरूळला ती सोयीची, पण विमानतळ तिथून दहा-अकरा किलोमीटर आणि मध्ये पूर्ण जालना रोड. लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा, फोटोत दिसत नाही.

जालना रोडबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते न कळल्यामुळे विमानं चुकतात. आपलं शहर या एका रस्त्यावर लटकलेलं आहे. बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको बसस्टँड, मुकुंदवाडी आणि मग चिकलठाणा, सगळं एका सरळ रेषेत. मध्ये उड्डाणपूल झालेत तरी संध्याकाळी पाच ते आठ या वेळात क्रांती चौकापासून विमानतळ गाठायला कधी पंचवीस मिनिटं, कधी पाऊण तास. मॅप दुपारी बघून संध्याकाळचा हिशोब करू नका.

पण तुमच्यासाठी चांगली गोष्ट ही की ही दोन्ही लेणी शहरात न शिरता गाठता येतात. विमानतळाच्या थोडं पुढे, जालन्याच्या दिशेला, केंब्रिज चौक आहे. तिथून एक बायपास उत्तरेला सावंगीकडे जातो आणि थेट जळगाव रोडला लागतो, म्हणजे अजिंठ्याचा रस्ता. सावंगीलाच समृद्धी महामार्गावर चढता येतं, आणि पुढचं माळीवाडा इंटरचेंज उतरलं की दौलताबाद आणि वेरूळ जवळ. ड्रायव्हर टोल वाचवायला शहरातून न्यायला बघेल, तो टोल तुम्ही देतो म्हणा आणि समृद्धीने जा, विशेषतः परतीला. समृद्धी नको असेल तर दुसरा पर्याय बीड बायपास, तो दक्षिणेकडून फिरून झाल्टा फाट्यामार्गे केंब्रिज चौकाकडे येतो, पण आता त्या बाजूलाही वस्ती फार वाढलीय, संध्याकाळी तिथेही गर्दी असते.

आता तीन दिवस कसे घालवाल ते सांगतो.

शनिवारी दुपारी उतरलात की सरळ हॉटेलवर, आई-वडिलांना दोन तास आडवं होऊ द्या. विमानतळावरून थेट फिरायला निघणारे फार लोक असतात, वेळ वाचवायला म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला दम लागतो. संध्याकाळी साडेचार-पाचला बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर, तिच्या मुलाने आझमशहाने बांधून घेतली. लोक ताजमहालाशी तुलना करतात आणि नाराज होतात. तुलना न करता बघा, उतरत्या उन्हात घुमटाचा संगमरवर पिवळसर होतो तेव्हा ती इमारत फार सुंदर दिसते. चालायला सपाट आहे, फाटकापासून चौथऱ्यापर्यंत अंतर बऱ्यापैकी आहे, मध्ये बसायला जागा आहे. चौथऱ्याला मात्र पायऱ्या आहेत, आईंना वर नाही जाता आलं तरी खालून सगळं दिसतं. परत येताना पाणचक्की वाटेतच आहे, पण उशीर झाला तर सोडा. तुम्ही मांसाहार करत असाल तर रात्री नान-खलिया खा, ही इथली खास गोष्ट आहे, जुन्या शहरात मिळते, तिखट वाटेल, वडिलांसाठी आधी विचारून घ्या.

रविवारी सकाळी सातच्या आत निघा. सात म्हणजे गाडीची चाकं सातला हलली पाहिजेत. लेणी नऊला उघडतात, आणि रविवारी अकरानंतर गर्दी अशी होते की पहिल्या लेणीत शिरायला रांग लागते. फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, मग अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर. बरेच जण अजिंठा गावाची पाटी बघून आलं म्हणतात, लेणी तिथे नाहीत, घाट उतरायचा बाकी असतो. सिल्लोडच्या आसपास चहा-नाश्ता करून घ्या, पुढे टॉयलेट चांगलं मिळेल याची खात्री नाही.

खासगी गाडी फर्दापूर टी पॉइंटला थांबते, तिथून लेण्यांपर्यंत चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जायचं, धुराने चित्रांचं नुकसान होऊ नये म्हणून ही व्यवस्था केलेली आहे. बसला आणि लेण्यांना वेगळं तिकीट. लेण्यांचं भारतीयांना 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना फुकट. एक गोष्ट करा, टी पॉइंटला उतरतानाच ड्रायव्हरशी परत भेटायची जागा ठरवा आणि गाडीचा नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. खाली दरीत नेटवर्कचा भरोसा नाही, आणि पार्किंगमध्ये शंभर पांढऱ्या गाड्या सारख्याच दिसतात.

आईंच्या गुडघ्यांचं इथेच खरं काम आहे. तिकीट खिडकीपासून पहिल्या लेणीपर्यंत पायऱ्यांची चढण आहे. ती चढली की पुढची वाट डोंगराच्या कडेने घोड्याच्या नालेसारखी वळत जाते, मध्ये मध्ये पायऱ्या आहेत पण पहिल्या चढणीइतक्या नाहीत. खाली डोलीवाले असतात, चार जण खुर्ची खांद्यावर घेतात. बऱ्याच आई लोकांना डोलीत बसायला लाज वाटते, चार माणसांच्या खांद्यावर कसं बसायचं म्हणून. माझ्या स्वतःच्या आईला मी घेऊन गेलो तेव्हा तीही नाहीच म्हणत होती. मग त्यातला एक डोलीवाला, पन्नाशीचा असेल, खाली बसून तिला म्हणाला, "आई, तुम्ही बसल्या नाहीत तर आज आमची चूल कशावर पेटणार?" तेव्हा बसली. चढताना ते बोलत नाहीत, पुढचा फक्त "हां" म्हणतो आणि चौघं एकदम खांदा बदलतात, खुर्ची जरासुद्धा हलत नाही. भाव आधी ठरवा, एकेरी की जाऊन-येऊन, वर किती वेळ थांबणार, सगळं. आणि ठरलेल्यावर काहीतरी जास्त द्या, ते काम सोपं नाही.

सगळ्या तीस लेणी बघायच्याच असा हट्ट धरू नका. वयस्कर मंडळींना मी 1, 2, 10, 16, 17, 19 आणि 26 दाखवतो, आणि आई दमल्या तर 1, 2 आणि 17 वर थांबतो. चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात, दर वेळी वाकून लेस सोडणं गुडघेवाल्या माणसाला फार जड जातं, म्हणून सरळ पाय घालता येईल असं पादत्राण आणि मोजे घालून या, दगड उन्हात तापतो. 10 नंबरची लेणी 1819 साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शिकारीला आला असताना पाहिली आणि तिथल्या खांबावर आपलं नाव कोरलं. आत अंधार मुद्दाम ठेवलेला असतो, फ्लॅश चालत नाही. 1 नंबरमध्ये शिरल्यावर लगेच चित्र शोधू नका, आधी मधोमध दोन मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी दिसायला लागतो, आधी मुकुट, मग झुकलेली पापणी, मग हातातलं कमळ. घाईघाईने मोबाईलचा टॉर्च मारत आत शिरलेल्यांना हे कधीच दिसत नाही, ते म्हणतात काही उरलंच नाहीये. 26 मध्ये बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची आडवी मूर्ती आहे, पण ती टोकाला आहे, डोली तिथपर्यंत ठरली असेल तरच न्या.

दोन-अडीचला खाली या, जेवण करा, उशिरात उशिरा साडेतीनला परत निघा म्हणजे अंधाराच्या आत शहरात याल. एप्रिल-मे मध्ये येत असाल तर हे सगळं अजून लवकर उरका, त्या दरीत दुपारी वारा पडतो आणि ऊन दगडावरून अंगावर येतं. पावसाळ्यात उलट, वाघूर नदीला पाणी असतं, धबधबा कोसळत असतो, पण पायऱ्या निसरड्या.

सोमवारी वेरूळ. रूम सकाळीच सोडा आणि बॅगा गाडीत टाका, म्हणजे परत हॉटेलवर यायची गरज नाही. आठला निघून आधी घृष्णेश्वर, कारण उशीर झाला की रांग वाढते. गाभाऱ्यात जायचं असेल तर पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं, वडिलांना आधी सांगून ठेवा, बटणांचा शर्ट घाला म्हणावं. तुमची तारीख श्रावणातल्या सोमवारची असेल तर मात्र हा क्रम मोडून टाका, त्या दिवशी दर्शनाला किती तास लागतील याचा अंदाज मी वीस वर्षांनंतरही देऊ शकत नाही, आणि संध्याकाळी विमान आहे. श्रावणी सोमवार असेल तर आधी लेणी, आणि देवाला कळसाचं दर्शन घेऊन नमस्कार.

वेरूळला आईंना फारसा त्रास नाही. 16 नंबर म्हणजे कैलास लेणं अगदी फाटकासमोर, सपाटीवर. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय, त्या अंगणात उभं राहिलं की मान वर करून बघत राहावं असं आहे, तासभर तरी द्या. मग जमेल तशी 10 नंबर, विश्वकर्मा, लाकडी तुळयांसारखं छत दगडात कोरलेलं, आणि 12 नंबरची तीन मजली खालूनच बघा. जैन लेणी 30 ते 34 कैलासपासून लांब आहेत, तिथपर्यंत पायी नेऊ नका, वाहन मिळालं तर 32 नंबर जरूर बघा, त्यातलं वरच्या मजल्यावरचं छतावरचं कमळ फार सुंदर आहे पण जिना आहे. ही लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, उजेड दुपारनंतर आत येतो, फोटोसाठी लोक म्हणून दुपारी जातात. तुम्हाला विमान आहे, तुम्ही सकाळीच बघा.

दौलताबादचा किल्ला तुमच्यासाठी नाही, शेकडो पायऱ्या आहेत आणि मध्ये अंधारी वाट. रस्त्यावरून दिसतो तो बघा, तेवढ्यानेही कळतं की यादवांनी ही जागा का निवडली असेल. शहराकडून वेरूळला जाणारा जुना रस्ता दौलताबादच्या एका दरवाजातून जातो, तिथे एका वेळी एकच गाडी, सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडे रांगा लागतात. त्यासाठीच परत येताना माळीवाड्याहून समृद्धी म्हणतोय. विमान संध्याकाळी सातचं असेल तर वेरूळहून साडेतीनला निघा. दीड तास धरा, पाचला विमानतळावर. बॅग द्यायचं काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद होतं, आणि छोटा विमानतळ आहे म्हणून आत सोडतील असं होत नाही, मी दारात रडलेली माणसं बघितलीत.

शिर्डीचं मी शेवटी ठेवलं कारण या प्लॅनमध्ये ती बसत नाही. शंभरेक किलोमीटर एका बाजूला, आणि दर्शनाला किती वेळ लागेल हे गर्दीवर. जायचंच असेल तर एक दिवस वाढवा, पण परत इथे येऊ नका. शिर्डीचा वेगळा विमानतळ आहे, काकडीला, 2017 पासून सुरू आहे, हैदराबादचं विमान तिथूनही असतं. म्हणजे येताना चिकलठाणा, सोमवारी वेरूळ करून तसेच शिर्डीला मुक्काम, मंगळवारी सकाळी दर्शन आणि शिर्डीहूनच विमान. दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या विमानतळांची काढायची हे बऱ्याच जणांना सुचतच नाही. गाडीवाल्याला मात्र आधी सांगा, तो शिर्डीहून रिकामा परत येणार, त्याचे पैसे धरेल.

आणि विमान रद्द झालं तर? छोट्या विमानतळावर हा प्रश्न खरा आहे, कारण त्या मार्गाचं दुसरं विमान बहुतेक दुसऱ्याच दिवशी. मी माझ्या हैदराबादच्या गिऱ्हाइकांना अजिंठा एक्सप्रेस लक्षात ठेवायला सांगतो, मनमाडहून निघून रात्री आपल्या स्टेशनवरून हैदराबादकडे जाते. पावसाळ्यातली तारीख असेल आणि मंगळवारी ऑफिसला पोचणं जरुरीचंच असेल तर तिचं रिझर्व्हेशन काढून ठेवा, विमान वेळेवर आहे असं दुपारपर्यंत कळलं की रद्द करा, थोडे पैसे कापले जातील. विमानतळ ते स्टेशन मात्र पुन्हा तोच जालना रोड, तेव्हा मेसेज आला की लगेच हला, आणि गाडीवाल्याला विमान उडेपर्यंत सोडू नका. मी तरी गिऱ्हाईक आत गेल्यावर बाहेर चहा पीत थांबतो, विमान वर गेलेलं दिसलं की मग गाडी काढतो.

तुमची तारीख आणि दोन्ही विमानांच्या वेळा इथे टाका, श्रावण आहे का, लागून सुट्ट्या आहेत का ते बघून निघायच्या वेळा नीट सांगतो.